क्यूची टिप घरच्या घरी: सगळं लक्ष काठावर

पूल आणि स्नूकर खेळणारे क्यू निवडताना बरीच चिकित्सा करतात. लाकूड कुठलं, वजन किती, जोड कुठं आहे, सगळं पारखून घेतात. पण पांढऱ्या बॉलला प्रत्यक्ष लागतो तो क्यूच्या टोकावरचा चामड्याचा छोटासा तुकडा. त्याला टिप म्हणतात. मिस-क्यू व्हायला, म्हणजे टिप बॉलवरून घसरायला लागेपर्यंत तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मग घाईघाईनं नवी टिप चिकटवायची, बाहेर आलेली कड तशीच ठेवायची आणि ‘खेळता खेळता बसेल’ म्हणायचं. ती कड आपोआप बसत नाही. ती दबते, पसरते आणि थोड्याच दिवसांत तिचे धागे सुटायला लागतात.

टिप चिकटवणं सोपं आहे. चिकटवल्यानंतर तिचा जादा भाग कापणं, बाजू घासणं, माथ्याला गोलाई देणं आणि शेवटी काठ घोटून घट्ट करणं, हे खरं काम. त्यासाठी लेथ यंत्रच लागतं, असं अनेकांना वाटतं. दुकानदाराला दिवसाला वीस क्यू करायचे असतील तर लेथ हवंच. तुम्हाला एकच क्यू करायचा आहे. त्याला एक नवं ब्लेड, थोडा पॉलिश पेपर, जुन्या चामडी पट्ट्याचा तुकडा आणि एक रुपयाचं नाणं पुरतं. काम नेटकं होतं, आणि कुठं थांबायचं हे तुमच्या हातात राहतं.

काठाला एवढं महत्त्व कशासाठी?

चामड्याची टिप रूढ करण्याचं श्रेय फ्रान्सच्या फ्रांस्वा मँगो यांना दिलं जातं. काळ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्याआधी क्यूचं टोक म्हणजे नुसतं लाकूड असायचं, आणि बॉलला मध्यापासून जरा बाजूला मारलं की ते घसरायचं. चामड्यानं बॉल धरून ठेवला, म्हणून साइड, स्क्रू, फॉलो हे फिरकीचे सगळे फटके भरवशानं मारता येऊ लागले. म्हणजे टिपचा उपयोगच मुळी मध्यापासून दूर मारण्यासाठी आहे.

आता थोडं गणित बघू. पांढऱ्या बॉलच्या मध्यापासून आपण साधारण त्याच्या अर्ध्या त्रिज्येइतकं बाजूला मारू शकतो. त्यापलीकडे चांगला चॉक लावलेली टिपही घसरते. पूलचा बॉल 57.15 मिमी व्यासाचा असतो, तेव्हा ही मर्यादा मध्यापासून 14 मिमीच्या आसपास येते. स्नूकरचा बॉल 52.5 मिमीचा, तिथं ती 13 मिमी भरते. या मर्यादेवर बॉल टिपला 30 अंशांच्या तिरकसपणानं भेटतो. टिपची गोलाई 10 मिमी त्रिज्येची असेल तर बॉल टिपच्या मध्यापासून 5 मिमीवर टेकतो. स्नूकरच्या 9.5 मिमी टिपची त्रिज्या पावणेपाच मिमी असते. म्हणजे भरपूर साइड मारताना बॉल टिपच्या अगदी काठाला लागतो. पूलच्या 13 मिमी टिपला 11 मिमी त्रिज्येची गोलाई दिली, तर काठ अवघा 1 मिमी लांब राहतो. चामडं थोडं दबतं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडे किंचित हलतील, पण मुद्दा तोच राहतो.

हा सगळा व्यवहार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो. तेवढ्या वेळात काठाखाली फेरूलचा, म्हणजे क्यूच्या टोकावरच्या शेंबीचा, भक्कम आधार असेल तर चामडं टिकून राहतं. काठ फेरूलबाहेर लोंबत असेल तर तो वाकतो आणि बॉल मनाप्रमाणे फिरत नाही. मधोमध मारलेल्या शॉटमध्ये हा दोष दिसत नाही. फ्रेम हातात असताना लांबचा स्क्रू मारायची वेळ येते, तेव्हा तो नेमका दिसतो.

आधी आपला क्यू ओळखा

स्नूकरची सुरुवात 1875 मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश अधिकाऱ्यांमध्ये झाली असं मानलं जातं. बिलियर्ड्सची परंपरा तर आपल्याकडे त्याहूनही जुनी. 1958 मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स यांचा जन्म पुण्याचा. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत आणि क्लबांत अजूनही मुख्यतः स्नूकर-बिलियर्ड्सचे क्यू दिसतात: अ‍ॅश लाकडाचा शाफ्ट, टोकाला पितळी फेरूल आणि 9 ते 10 मिमीची टिप. पूल पार्लरमध्ये अमेरिकन धाटणीचे क्यू असतात. त्यांचा शाफ्ट मेपलचा, फेरूल पांढरं, प्लॅस्टिकच्या जातीचं आणि टिप 12.5 ते 13 मिमीची. फेरूल म्हणजे काठीच्या टोकाला बसवलेल्या शेंबीसारखा भाग. मार बसल्यावर लाकूड चिरू नये, म्हणून तो असतो.

हा फरक कामाच्या वेळी जाणवतो. पितळावर ब्लेड घसरलं तर ओरखडा उठतो, पण पितळ सहज कापलं जात नाही. पांढरं फेरूल मऊ असतं. त्यावर ब्लेड तिरकं पडलं तर खाच पडते आणि पॉलिश पेपर लागला तर ते बारीक होत जातं. म्हणून पूलच्या क्यूवर हात जास्त हलका ठेवावा लागतो.

टिपही दोन प्रकारच्या. एक म्हणजे चामड्याच्या अखंड, दाबलेल्या तुकड्याची. अमेरिकेतल्या ट्वीटन कंपनीची एल्कमास्टर ही त्यातली सर्वपरिचित आणि स्वस्त. दुसरी थरांची. पातळ चामड्याचे थर एकावर एक चिकटवून ती बनवतात. जपानची कामुई या प्रकारची. एल्कमास्टरसारखी अखंड टिप मऊ असते, लवकर पसरते, पण कापायला सोपी. थरांची टिप आकार जास्त टिकवते, मात्र चुकीच्या दिशेनं ब्लेड फिरलं तर तिचे थर उकलतात. पहिल्यांदा हात घालताना अखंड टिपच घ्या. बिघडली तरी फार नुकसान होत नाही.

खरेदी करताना टिप फेरूलपेक्षा थोडी मोठी घ्यायची. 9.5 मिमी फेरूलला 10 मिमीची, 13 मिमीला 14 मिमीची. अगदी बरोबर मापाची टिप चिकटवताना केसभर सरकली तरी एका बाजूला पितळ उघडं पडतं, आणि त्यावर मग काहीच इलाज उरत नाही. जादा चामडं कापता येतं.

सामान

- नवं कटर ब्लेड. वापरलेलं चालणार नाही.
- पॉलिश पेपर: 120, 220, 400 आणि 600 नंबर, प्रत्येकी एक छोटा तुकडा.
- जुनं एटीएम कार्ड, पेपर त्यावर चिकटवण्यासाठी.
- मास्किंग टेप.
- सुपरग्लूचा दाट, जेलसारखा प्रकार.
- सपाट, कडक लाकडी फळी किंवा स्वयंपाकघरात निकामी झालेला चॉपिंग बोर्ड.
- जुन्या चामडी पट्ट्याचा बोटभर तुकडा.
- एक रुपयाचं नाणं, पेन्सिल आणि खिडकीचा उजेड.

क्यू दोन तुकड्यांचा असेल तर फक्त शाफ्ट घेऊन बसा. अखंड क्यू असेल तर तो पूर्ण फिरवता येईल एवढी जागा करून घ्या.

बैठक सपाट करा

जुनी टिप ब्लेडनं वरून पातळ चकत्या काढत उतरवा. पक्कड लावून पिरगाळू नका. त्यानं फेरूल सैल होतं किंवा त्याच्या आतलं लाकूड फाटतं. चामड्याचा शेवटचा पातळ थर आणि जुना गोंद 120 नंबरच्या पेपरनं घासून काढा.

फेरूलचा माथा पूर्ण सपाट आहे का, हे पेन्सिलीनं कळतं. माथ्यावर पेन्सिलीनं फुली मारा. पेपर फळीवर सपाट चिकटवा, क्यू काटकोनात उभा धरून हलक्या हातानं दोन-तीनदा फिरवा आणि माथा बघा. फुली सगळीकडून सारखी पुसट झाली असेल तर बैठक सपाट आहे. एका बाजूची रेघ गडद राहिली असेल तर ती बाजू खोल आहे. घासताना बेताबेतानं घासा. फेरूल झिजलं की परत वाढत नाही. अ‍ॅशच्या क्यूमध्ये पितळाच्या मधोमध लाकडाचं गोल तोंड दिसतं. ते पितळाच्या पातळीतच हवं. वर आलेलं असेल तर टिप डोलते, आणि आत गेलेलं असेल तर मधे पोकळी राहते.

नव्या टिपची खालची बाजूही त्याच पेपरवर आठाच्या आकड्याच्या आकारात घासा. गुळगुळीत चकाकी जाऊन ती एकसारखी खरखरीत दिसली की पुरे. गोंदाला धरायला जागा मिळते. त्यानंतर तिथं बोट लावू नका. बोटांचं तेल गोंदाला चालत नाही.

चिकटवणं

गोंद कमी लागतो. फेरूलच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब ठेवा. टिप ठेवून किंचित फिरवा, म्हणजे तो सगळीकडे पसरेल. मग मधोमध आणा. टिप चारही बाजूंनी फेरूलबाहेर सारखी डोकावते आहे ना, हे बाजूनं आणि टोकाकडून अशा दोन्ही अंगांनी बघा. इथं सुधारणा करायला काही सेकंदच मिळतात.

आता क्यू उलटा करून टिप फळीवर टेकवा आणि वरून सरळ खाली दाब द्या. बाहेर आलेला गोंद लगेच कोरड्या कापडानं टिपून घ्या. मिनिटभर दाब ठेवला की पकड येते. मात्र पूर्ण ताकद यायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर तसंच राहू द्या. संध्याकाळी चिकटवून सकाळी कापायला बसणं हा उत्तम क्रम. तासाभरात ब्लेड लावलं की टिप हातात येण्याचा संभव असतो.

कापणं: ब्लेड नेहमी शाफ्टपासून दूर

सगळ्या कामातला हा नाजूक टप्पा, आणि त्याचा नियम एकच. ब्लेडची दिशा फेरूलकडून टिपच्या माथ्याकडे असते, उलटी कधीच नाही.

हे असं करायचं. फळी टेबलावर ठेवा. क्यू उलटा धरून टिपचा माथा फळीवर घट्ट टेकवा. डाव्या हातानं क्यू सरळ उभा धरा. म्हणजे आता फेरूल वर आहे, टिप खाली आहे आणि जादा चामडं फेरूलच्या कडेबाहेर छोट्या छज्ज्यासारखं डोकावतं आहे. ब्लेडची सपाट बाजू फेरूलला टेकवा आणि फेरूलच्या आधारानंच ती सरळ खाली, फळीपर्यंत न्या. फेरूलची भिंत ब्लेडला वाट दाखवते आणि खालची फळी चामड्याला आधार देते. थरांची टिप असेल तर दाब थरांना एकमेकांवर बसवण्याच्या दिशेनं जातो. उलटं, म्हणजे माथ्याकडून फेरूलकडे कापलं, तर ब्लेड थर उचकटतं आणि घसरलं की थेट लाकडात शिरतं. चिकटलेली टिप सुटते, तीही बहुतेक याच चुकीनं.

एका फटक्यात सगळं कापायला जाऊ नका. एका वेळी कागदाएवढी पातळ चकती काढा, क्यू थोडा फिरवा, पुढची काढा. पहिल्या फेरीत वर्तुळाऐवजी बारा-पंधरा बाजूंचा आकार दिसेल. तो बरोबर आहे. दुसऱ्या फेरीत त्या बाजूंचे कोपरे काढा. ब्लेड अडखळायला लागलं, चामडं कापलं न जाता दबायला लागलं, की ब्लेडचं टोक मोडून पुढचा खण काढा. बोथट ब्लेड जोर मागतं, आणि जोर लावला की हात सटकतो. क्यू धरणारा हात नेहमी ब्लेडच्या वर असू द्या, त्याच्या वाटेत नको.

चामडं फेरूलच्या अगदी बरोबरीला येईपर्यंत कापू नका. नखाला जाणवेल न जाणवेल एवढं बाहेर राहू द्या. उरलेलं पेपरचं काम.

बाजू घासणं

फेरूलवर टिपच्या अगदी सांध्यापर्यंत मास्किंग टेपचे दोन वेढे द्या. पुढच्या सगळ्या घासण्यात हेच चिलखत. पितळी फेरूलवरही ते लावा, नाहीतर चकाकी जाऊन पट्टे उठतात.

220 नंबरच्या पेपरची पट्टी एटीएम कार्डाच्या कडेला चिकटवा. नुसता पेपर बोटात धरून घासलं तर बोटाचा मऊ भाग काठावर ओघळतो आणि टिपची बाजू फुगीर किंवा आत गेलेली होते. कार्डामुळे ती सरळ राहते. क्यू टेबलावर आडवा ठेवा, टोक कडेबाहेर वीतभर काढा. एका तळव्यानं क्यू पुढं-मागं लाटत राहा आणि दुसऱ्या हातानं कार्ड टिपच्या बाजूला टेकवा. दाब नकोच, कार्डाचं वजन आणि बोटाचा स्पर्श एवढं पुरे. क्यू सतत फिरत राहिला पाहिजे. एकाच जागी घासलं तर तिथं सपाट पट्टा पडतो.

टेपला पेपर लागून तिचा रंग उतरायला लागला की समजा, चामडं फेरूलच्या पातळीला आलं. टेप काढून नखानं तपासा. नख फेरूलवरून टिपकडे न्या. सांध्यावर अडकलं तर चामडं अजून बाहेर आहे. नख टिपवरून फेरूलकडे आणा. तिकडून अडकलं तर चामडं आत गेलं आहे. दोन्हीकडून नख अडकल्याशिवाय सरकलं की बाजू झाली. डोळ्यांना न दिसणारा फरक नखाला कळतो, म्हणून नखावर विश्वास ठेवा. शेवटी नवी टेप लावून 400 आणि 600 नंबरचा पेपर तसाच फिरवा.

गोलाई: मापाला रुपया

अमेरिकेतले खेळाडू टिपची गोलाई त्यांच्या निकेल आणि डाइम या नाण्यांनी मोजतात. निकेलचा व्यास 21.2 मिमी, डाइमचा 17.9 मिमी. आपलं एक रुपयाचं नाणं निकेलच्या जवळ जातं. 2011 पासून निघालेलं नाणं सुमारे 22 मिमीचं, 2019 पासूनचं 20 मिमीचं. पूलच्या जाड टिपला जुना रुपया आणि स्नूकरच्या बारीक टिपला नवा रुपया, ही वाटणी चांगली बसते. साइड खूप वापरणाऱ्या स्नूकर खेळाडूंनी 19 मिमीचं पन्नास पैशांचं नाणं घेतलं तरी चालेल. गोलाई जितकी जास्त, तितका बॉल काठापासून आत लागतो. पण गोलाईचा अतिरेक झाला तर काठाकडचं चामडं लवकर संपतं.

तपासायची रीत अशी. क्यू डोळ्यांच्या पातळीला आडवा धरून टोक खिडकीच्या उजेडाकडे करा आणि टिपच्या मागं नाणं उभं धरा. टिपच्या माथ्याची वक्ररेषा आणि नाण्याची कड जुळली पाहिजे. क्यू पाव वळसा फिरवून पुन्हा बघा. एका बाजूनं जुळते आणि दुसरीकडून नाही, असं असेल तर माथा मध्यापासून सरकला आहे. आकड्यांत सांगायचं तर 9.5 मिमी टिपला 20 मिमी नाण्याची गोलाई दिली की काठ मध्यापेक्षा साधारण 1.2 मिमी खाली येतो. 13 मिमी टिपला 22 मिमी नाण्याची दिली तर साधारण 2.1 मिमी.

आकार देण्यासाठी 120 नंबरचा पेपर तळहातावर धरून थोडी खळगी करा. पेपर काठापासून मध्याकडे वळवत न्या आणि प्रत्येक वेळी क्यू थोडा फिरवा. मध्याकडून काठाकडे ओढलं तर काठाचे धागे बाहेर फुटतात, आणि घासून आणलेली बाजू पुन्हा बिघडते. बाजारात शेपर मिळतो, तोही चालेल. तो दाबून गरागरा फिरवण्यापेक्षा हलकेच फिरवत थांबून बघणं बरं. गोलाई पूर्ण झाल्यावर बाजूची सरळ भिंत किती उरली ते बघा. पूलच्या टिपला किमान 2 मिमी हवी. स्नूकरची टिप मुळातच बुटकी असते, पण तिलाही स्पष्ट दिसेल एवढी भिंत असावी.

घोटणं: ज्यावर टिपचं आयुष्य अवलंबून

बहुतेक लोक हा टप्पा गाळतात, आणि आठवड्याभरात टिप मशरूम झाली म्हणून तक्रार करतात. मशरूम होणं म्हणजे माराच्या दाबानं चामडं बाजूला पसरून फेरूलबाहेर येणं. ते रोखण्यासाठी बाजूचे धागे बसवून त्यांची कडक कातडी तयार करावी लागते.

फेरूलवर टेप असू द्या. कापडाचं टोक किंचित ओलं करून फक्त टिपच्या बाजूवर एकदा फिरवा. चामड्याचा रंग जरा गडद होईल, पण पाणी ओघळता कामा नये. सांध्यात पाणी शिरलं तर अ‍ॅश किंवा मेपल फुगतं, आणि माथा ओला झाला तर तो मऊ पडतो. आता पट्ट्याचा चामडी तुकडा टिपच्या बाजूला बोटांनी वेढून धरा आणि क्यू आधीसारखाच टेबलावर लाटा. या वेळी दाब हवा आणि वेगही हवा. थोड्याच वेळात चामडी तुकड्यातून बोटांना ऊब लागेल. घर्षणाची ही ऊब आणि तो किंचित ओलावा मिळून मोकळे धागे खाली बसवतात. बाजू आधी काळपट दिसते, मग तिच्यावर मंद चकाकी येते. नख दाबलं तर पूर्वीसारखं रुतत नाही. इथं थांबा. बोट पोळण्याइतकं तापवलं तर उष्णतेनं सुपरग्लूची पकड ढिली होते. दोन-तीन टप्प्यांत घोटा, मधे थंड होऊ द्या.

माथ्याचं बरोबर उलटं. बाजू गुळगुळीत हवी, माथा खरखरीत हवा, कारण चॉक त्यालाच धरतो. आजचा चॉक म्हणजे शाळेतला खडू नव्हे. विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी 1897 मध्ये पेटंट घेतलेल्या मिश्रणापासून त्यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारखे खरखरीत कण असतात. गुळगुळीत माथ्यावरून ते गळून पडतात. म्हणून शेवटी 120 नंबरचा पेपर माथ्यावर दाबून दोन-चारदा थोपटा, घासू नका. मग टेप काढा, कोरड्या कापडानं शाफ्ट पुसा आणि चॉक लावा. चॉक एकसारखा बसला, कुठं चकचकीत डाग राहिला नाही, म्हणजे माथाही जमला.

पहिले दिवस आणि पावसाळा

नवी टिप पहिल्या काही फ्रेममध्ये दबते. कितीही नीट घोटली तरी मऊ टिप थोडी पसरतेच. तेव्हा दोन-चार वेळा खेळून झाल्यावर पुन्हा नख फिरवून बघा. कड जाणवली तर टेप लावून 400 नंबरचा पेपर आणि चामडी तुकडा, एवढंच पुरतं. ब्लेड पुन्हा क्वचितच लागतं. त्यानंतर टिप स्थिरावते. महिन्यातून एकदा नाणं लावून गोलाई बघा, माथा चकचकीत झाला तर थोपटा. बाजूची भिंत 1 मिमीवर आली की नवी टिप बसवायची वेळ झाली. त्याहून जास्त ताणलं तर फेरूल मार खाऊ लागतं.

मुंबई, कोकण आणि गोव्यातल्या पावसाळी हवेत चामडं ओलावा धरून मऊ पडतं. जूनमध्ये बसवलेली टिप डिसेंबरमधल्या टिपपेक्षा जास्त पसरते, ते यामुळेच. पावसाळ्यात क्यू केसमध्ये ठेवा, भिंतीला टेकवून उभा ठेवू नका. चिकटवण्याचं काम शक्यतो उघडीप असलेल्या दिवशी करा. उन्हाळ्यात बंद गाडीत क्यू ठेवणं तितकंच वाईट. उष्णतेनं गोंद ढिला पडतो आणि शाफ्ट वाकू शकतो.

हे मात्र घरी नको

फेरूल हलत असेल, त्याला तडा असेल किंवा शाफ्टच्या टोकाशी लाकूड उभं चिरलं असेल, तर नवी टिप लावून उपयोग नाही. आधी जाणकार कारागिराकडून दुरुस्ती करून घ्या. ब्रेक क्यूवर असलेल्या फिनोलिकच्या टणक टिपला हातातलं ब्लेड लागत नाही. ते काम लेथवरचंच. कार्बन फायबरच्या शाफ्टवर टिप बसवता येते, पण शाफ्टला पेपर अजिबात लागू देऊ नका. त्याची धूळ श्वासात जाणं चांगलं नाही, आणि त्याचा पृष्ठभाग पुन्हा पूर्ववत करता येत नाही. आणि हो, पहिला प्रयोग आपल्या आवडत्या क्यूवर करू नका. पार्लरच्या कोपऱ्यात टिप गेलेले दोन-चार क्यू पडलेले असतात. तिथल्या मार्करला, म्हणजे टेबल सांभाळणाऱ्या माणसाला, विचारून त्यातला एक घ्या. त्याच्या टिपची बाजू दोन्हीकडून नखाला न अडकता सरकू लागली की मग आपला क्यू हातात घ्या. मार्करलाही खेळायच्या लायकीचा एक क्यू परत मिळतो, आणि पुढच्या प्रयोगासाठी तो दुसरा आनंदानं देतो.